दोन बोटं

होडीला आधी विचारायचं असतं, काय नेणार आहेस.
माझा बाप विचारायचा,
जोआलच्या वाळूत उकिडवा बसून, महोगनीच्या बुंध्याला कान लावून,
आणि बुंधा म्हणायचा, तारली.
चाळीस वर्षं एकच उत्तर.

तारली आता फारशी येत नाही.
निघते ती क्षितिजावरच्या दिव्यांकडे जाते.
रात्रभर तिथे एक गाव पेटलेलं असतं, त्यात कुणी राहत नाही,
नुसती जाळी ओढतात.
उरलीसुरली किनाऱ्याला लागते, तेव्हा
कारखान्याचा माणूस आधीच उभा, हातात कोऱ्या नोटा.

दिबोर, माझी बहीण, धुराची बाई.
एका टोपलीला तिनं जेवढे मोजले असते
त्याच्या दुप्पट तो मोजतो, आणि घासाघीस करत नाही.
घासाघीस न करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?
त्या तारलीचं पीठ होतं. पीठ गोणीत, गोणी जहाजात.
कुठल्याशा थंड देशात
पिंजऱ्यातल्या गुबगुबीत माशांना चारतात म्हणे.
मोठा मासा लहान माशाला खातो, हे आम्हालाही ठाऊक होतं.
मधे करारनामा असतो, हे नव्हतं.

दिबोरच्या लुगड्याला धुराचा वास येईनासा झाला
तेव्हा तिचा न्गोर माझ्याकडे आला, रंधा धरायला.

मग गिऱ्हाईक आलं. शहरातलं, वाळूत बूट घालून.
बारा वाव लांब, म्हणाला. नाळ उंच ठेव, तिकडे लाटा मोठ्या.
बर्फाची पेटी नको. जाळ्याला जागा नको.
पिंपं मावली पाहिजेत, तेलाची पंधरा, पाण्याची चार.
उलट ऐकलं का, म्हणून परत विचारलं.
नव्हतं ऐकलं.

आणि आडव्या फळ्या, बसायला.
माणशी किती?
सुतार तू, तो म्हणाला, बघ किती कमी चालेल.

न्गोरला म्हटलं, बस रे इथे.
तो बसला.
गुडघे छातीशी, खांदे आत, हनुवटी खाली,
हातांची मिठी पोटऱ्यांना.
मी काही सांगितलं नव्हतं.
एवढं नीट कुणी पहिल्यांदा बसत नाही.

दोरी धरली. एक वीत, चार बोटं. गाठ मारली.
तो बोलला नाही, मीही नाही.
काय ते करवत बोलली.

शेवटच्या रात्री फळ्यांवर पेन्सिलीनं खुणा करताना
डावीकडच्या सहाव्या फळीवर
एका जागेला मी दोन बोटं जास्त दिली,
आणि कंदील धरून न्गोरला ती दाखवली.

नाळ पाण्यात शिरली तेव्हा
दिबोर पोटावर हात दाबून उभी होती.

अकरा दिवसांनी फोन. बेटावरून.
दिबोर आधी रडली, मग भांडली, मग विचारलं, जेवलास का.
मग फोन माझ्याकडे.
होडी कशी चालली?
चांगली, मामा. एक खिळा हलला नाही.
आणि जागा?
पुरली.
थांबला.
शेजारच्याला जरा कमी पडली.
कोण होता?
पाचव्या दिवसापर्यंत नाव माहीत होतं, म्हणाला.

फळी तेवढीच होती.
मी सुतार आहे, मला तरी कळायला हवं होतं
की कापलेलं लाकूड वाढत नाही.

न्गोर आता स्पेनमध्ये
प्लास्टिकच्या छपराखाली मिरच्या तोडतो.
दुकानात गुलाबी माशाच्या कापट्या असतात, सांगत होता,
दोन दिवसांची मजुरी एकीला.
घेतली नाही मामा, नुसती नाकाशी धरली.
कसलाच वास नव्हता.

अंगणात नवा बुंधा येऊन पडलाय.
गिऱ्हाईक दोरी विसरून गेलं, की मुद्दाम ठेवून गेलं, कोण जाणे.
कान लावत नाही मी हल्ली.